ड्रॅगन बोटीतील बावीस जागा: नव्या वल्हेकऱ्यांसाठी मार्गदर्शन

पुण्याला वल्ह्यांची ओळख जुनी आहे. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या पाण्यावर आहे, आणि आर्मी रोइंग नोड या लष्कराच्या नौकानयन केंद्रात घडलेले दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या एकेरी नौकानयनात उतरले होते. ड्रॅगन बोट मात्र रोइंगपेक्षा निराळी. रोइंगमध्ये खेळाडू जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो आणि त्याचे वल्हे नावेच्या कडेला अडकवलेले असते. ड्रॅगन बोटीत सर्व जण पुढे तोंड करून बसतात आणि वल्हे दोन्ही हातांत मोकळे असते. त्यामुळे रोइंगचा सराव असलेला, व्यायामशाळेत दंड कमावलेला आणि आयुष्यात कधी नावेत न बसलेला, असे तिघेही या खेळात जवळजवळ एकाच पायरीवरून सुरुवात करतात. त्यांना शिकायची पहिली गोष्टही एकच असते: आपले वल्हे इतरांच्या वल्ह्यांबरोबर पाण्यात घालणे. या लेखात प्रत्येक जागेचे काम सांगितले आहे, परंतु ती सर्व कामे अखेरीस याच एका गोष्टीसाठी आहेत, हे वाचकाने सतत ध्यानात ठेवावे.

नावेची थोडी माहिती आधी करून घ्यावी. स्पर्धेची मोठी नाव सुमारे साडेबारा मीटर लांब आणि मधोमध सव्वा मीटरपेक्षाही कमी रुंद असते. रिकामी असताना तिचे वजन साधारण २५० किलो भरते. तिच्यात दहा बाकांवर दोन-दोन असे २० वल्हेकरी, पुढच्या टोकाला मागे तोंड करून बसणारा एक ड्रमर आणि मागच्या टोकाला सुकाणू धरणारा एक, असे २२ जण असतात. लहान नावेत १० वल्हेकरी आणि हे दोघे असे १२ जण असतात. शर्यती २००, ५००, १००० आणि २००० मीटरच्या होतात. या शर्यतींचे मूळ चीनमधील पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशीच्या सणात आहे. १९७६ साली हाँगकाँगमध्ये आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय ड्रॅगन बोट महासंघ स्थापन झाला आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धांत या खेळाला स्थान मिळाले. केरळातील चुंडन वल्लम ही शंभराहून अधिक वल्हेकऱ्यांची स्वतंत्र परंपरा आहे; तिचे नियम येथे लागू करू नयेत.

पहिली पायरी: पाण्यावर जाण्याआधी

पोहता येणे ही पहिली अट आहे. जीवरक्षक जाकीट सर्वांनाच घालावे लागते, पण जाकिटाच्या भरवशावर पोहणे शिकायचे टाळू नये. टिळक तलावासारख्या एखाद्या जलतरण तलावात, तेथील प्रशिक्षकाच्या परवानगीने, सरावाच्याच कपड्यांत किमान पन्नास मीटर पोहून पाहावे आणि एकदा जाकीट घालून पाण्यात उतरावे, म्हणजे जाकीट अंग कसे वर उचलते आणि कोठे काचते ते कळते. ज्यांना पाठीचा, खांद्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नावेत बसू नये. वय मात्र अडचण मानू नये. १९९६ मध्ये कॅनडातील व्हँकूवर येथे डॉ. डॉन मॅकेंझी यांनी स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या स्त्रियांचा चमू उभा केला, आणि हाताला जोर पडणारे काम अशा स्त्रियांनी टाळावे या तेव्हाच्या समजुतीला त्या चमूने प्रत्यक्ष वल्हवून उत्तर दिले. आज जगभर असे चमू आहेत.

पुण्यातील पाण्याबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. शहरातील नदीचे पाणी सांडपाण्यामुळे दूषित आहे. उन्हाळ्याकडे जाताना त्यावर जलपर्णी पसरते आणि वल्ह्याचे पाते तिच्यात अडकते. हातापायांवर उघडी जखम असेल तर त्या दिवशी नदीवर उतरू नये. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. नंतरच्या दिवसांत ताप किंवा तीव्र अंगदुखी आली तर आपण नदीच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची शंका त्यावरूनच वेळेत घेतली जाते. पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग सुरू झाला की मुठेची पातळी आणि ओढ झपाट्याने वाढते. विसर्गाची सूचना असलेल्या दिवशी नदीवरील सराव रद्द करावा आणि त्यावर चर्चाही करू नये. जलाशयांचे पाणी अधिक स्वच्छ असले तरी खडकवासल्याचे पाणी शहराच्या पिण्यासाठी आहे आणि तेथील काही भाग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या वापरात आहे, म्हणून परवानगीशिवाय कोठेही नाव उतरवता येत नाही. नवख्या माणसाने परवानगी, प्रशिक्षक आणि सोबत चालणारी सुरक्षा नौका या तिन्ही गोष्टी असलेल्या संस्थेतच नाव नोंदवावे. सराव शक्यतो पहाटेचा निवडावा. उन्हाळ्यात दुपारनंतर मोकळ्या जलाशयावर वारा उठतो, आणि लाटांवर लय शिकणे नवख्याला फार जड जाते.

कपडे लवकर वाळणारे असावेत. जीन्स आणि जाड सुती पँट भिजल्यावर जड होतात. अंगठ्या, बांगड्या आणि लांब साखळ्या घरी ठेवाव्यात. चष्म्याला दोरी बांधावी. वल्हे सुरुवातीला संस्थेचेच वापरावे. स्पर्धेत वल्ह्याची लांबी १०५ ते १३० सेंटीमीटर चालते. पाते पूर्ण बुडालेले असताना वरचा हात खांद्याच्याही खाली जात असेल तर ते वल्हे आपल्याला आखूड आहे असे समजावे. स्वतःचे वल्हे विकत घेण्याची घाई करू नये.

दुसरी पायरी: आज्ञा जमिनीवरच पाठ करणे

आज्ञा बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच दिल्या जातात, आणि त्या अर्थ आठवत बसण्याइतका वेळ देत नाहीत. ‘पॅडल्स अप’ म्हटले की वल्हे पाण्याच्या वर, घालण्याच्या तयारीत. ‘टेक इट अवे’ म्हणजे वल्हवणे सुरू. ‘लेट इट राइड’ म्हणजे वल्हवणे थांबवून वल्हे पाण्याबाहेर ठेवणे आणि नाव आपल्या वेगाने जाऊ देणे. ‘होल्ड द बोट’ म्हणजे पाते पाण्यात उभे घट्ट रोवून नाव थांबवणे. टक्कर टाळण्याची हीच आज्ञा असल्याने तिच्यावर एका क्षणाचाही विचार होता कामा नये. ‘ब्रेस’ म्हणजे पाते पाण्यावर आडवे दाबून नाव स्थिर करणे. ‘बॅक पॅडल’ म्हणजे उलटे वल्हवणे. ‘ड्रॉ लेफ्ट’ किंवा ‘ड्रॉ राइट’ म्हणजे त्या बाजूच्या वल्हेकऱ्यांनी वल्हे बाहेर लांब टाकून पाणी नावेकडे ओढणे, जेणेकरून नाव त्या बाजूला सरकते.

या आज्ञा घरी कट्ट्यावर बसून, हातात काठी धरून, दुसऱ्याला मोठ्याने म्हणायला लावून घोटाव्यात. नावेत आज्ञा देण्याचा अधिकार सुकाणू धरणाऱ्याचा, आणि त्याने सोपवला असेल तेव्हा प्रशिक्षकाचा किंवा ड्रमरचा. बाकावरून कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, आज्ञा देऊ नये. नव्या चमूंमध्ये हा नियम सर्वाधिक मोडला जातो, कारण पुढच्या दादांचे चुकते आहे हे मागून स्पष्ट दिसत असते आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही. तरीही काठावर येईपर्यंत थांबावे. दोन आवाज ऐकू आलेली नाव अर्धी एकाचे ऐकते आणि अर्धी दुसऱ्याचे.

तिसरी पायरी: नावेत चढणे आणि मोजणी

ड्रॅगन बोट अरुंद असते आणि उभ्या माणसाखाली सहज डुलते. चढताना वाकून, दोन्ही कडांना धरून, पाय नावेच्या मधोमध ठेवावा. कोणत्या बाकाने आधी चढायचे ते सुकाणू धरणारा सांगतो. आधी बसलेल्यांनी नाव धक्क्याला धरून ठेवावी आणि दुसऱ्या बाजूच्यांनी पाते पाण्यावर आडवे टेकवावे. सर्व बसले की पुढून मागे एकेक जण आपला क्रमांक मोठ्याने उच्चारतो. ही मोजणी केवळ शिस्तीसाठी नाही. नाव उलटली तर पाण्यात पुन्हा याच क्रमांकांनी मोजणी होते.

उलटण्याची वेळ क्वचित येते, पण तेव्हा काय करायचे ते प्रत्येकाला झोपेतही सांगता आले पाहिजे. नाव तरंगत राहते, म्हणून तिला धरून राहावे. काठ जवळ दिसला तरी एकट्याने पोहत निघू नये. पाण्यातून वर येताच प्रथम बाकावरचा आपला जोडीदार शोधावा. तो दिसला नाही तर लगेच ओरडून सांगावे. सर्व क्रमांक मिळेपर्यंत नाव सरळ करण्याचा प्रयत्न करू नये, कारण कोणी तिच्याखाली असू शकतो. वल्हे हाती राहिले तर ठीक, गेले तर जाऊ द्यावे.

चौथी पायरी: एक वल्हे मारणे

बाकावर कडेला इतके सरकून बसावे की बाहेरची मांडी नावेच्या कडेला टेकेल. पाय समोरच्या आधाराला रोवावेत. बहुतेकांना बाहेरचा पाय पुढे ठेवणे सोयीचे पडते. वल्ह्याच्या वरच्या मुठीवर आतला हात, पात्याच्या थोडे वर बाहेरचा हात. मग कमरेपासून वळून बाहेरचा खांदा पुढे न्यावा आणि पाते शक्य तितके लांब, कडेच्या जवळ, पाण्यात घालावे. पाते पूर्ण बुडण्याआधी ओढू नये. हा नियम ऐकायला सोपा आहे, पण नवख्याचा अर्धा जोर येथेच वाया जातो, कारण पाते अर्धे बुडलेले असताना ओढले की पाणी उडते आणि नाव तेथेच राहते. पाते बुडाले की वरच्या हाताने ते खाली दाबून ठेवत, पायाचा रेटा देत, वळलेली पाठ उलगडून ओढावे. हात जवळजवळ सरळच राहतात. पाते मांडीपाशी आले की लगेच बाहेर काढावे. कमरेच्या मागे नेलेले पाते पाणी वर उचलते आणि नावेला खाली दाबते.

दुसऱ्या दिवशी फक्त दंड दुखत असतील तर आपण हातांनीच ओढले असे समजावे. पाठीचा वरचा भाग, बरगड्यांच्या बाजू आणि मांड्या दुखत असतील तर शिकणे योग्य मार्गावर आहे.

आता लय. नजर पाण्याकडे किंवा स्वतःच्या पात्याकडे नसावी. मान वर ठेवून नावेच्या पुढच्या भागात, समोरच्या बाजूने तिरकस दिसणाऱ्या वल्हेकऱ्यांच्या हालचालीकडे, आणि त्यांच्यावरून अगदी पुढच्या जोडीकडे पाहावे. केवळ पुढच्या माणसाच्या पाठीकडे पाहिले तर त्याचा सूक्ष्म उशीर आपल्यात येतो, आपला मागच्यात, आणि दहाव्या बाकापर्यंत तो उशीर डोळ्यांना दिसण्याइतका वाढतो. वल्ही पुढून मागे सरकणाऱ्या लाटेसारखी पडू लागतात. वीस पाती एकदम पडली तर नाव प्रत्येक वेळी स्पष्टपणे पुढे झेप घेते. ती झेप बसल्या जागी जाणवते, आणि एकदा जाणवली की पुढचे शिकवणे प्रशिक्षकाला फार सोपे जाते. म्हणून नवख्याने पहिले काही आठवडे अर्ध्याच जोराने, परंतु अचूक वेळी वल्हवावे. पूर्ण जोराने अवेळी पडणारे पाते समोरच्याच्या वल्ह्यावर आपटते, दोघांची लय मोडते आणि ती परत मिळेपर्यंत चार-पाच वल्ही वाया जातात.

पाचवी पायरी: आपली जागा आणि तिचे काम

पहिल्या बाकावरची दोघे म्हणजे स्ट्रोक जोडी. संपूर्ण नावेची गती यांच्या हातात असते. त्यांची पाती एकमेकांशी तंतोतंत जुळली नाहीत तर डावी बाजू एकाच्या आणि उजवी दुसऱ्याच्या मागे जाते. या जागेला प्रचंड ताकद लागत नाही. लागते ती दमल्यावरही गती न बदलण्याची क्षमता. उत्साहाच्या भरात मिनिटाला पाच-सहा वल्ही वाढवणारा माणूस कितीही चांगला असला तरी या बाकावर बसवू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाकावरचे पहिल्यांची हुबेहूब नक्कल मागे पोहोचवतात. मागून पाहणाऱ्याला बऱ्याचदा पहिला बाक नीट दिसतच नाही, म्हणून माझ्या मते तिसऱ्या बाकाची निवड पहिल्याइतकीच काळजीपूर्वक करावी.

चौथ्या ते सातव्या बाकांना बहुतेक चमू ‘इंजिन रूम’ म्हणतात. नाव येथे सर्वांत रुंद असते, त्यामुळे वजनदार आणि ताकदवान वल्हेकरी येथे बसतात. नवख्यांनाही बहुधा येथेच जागा मिळते, कारण पुढे-मागे अनुभवी लोक असल्यावर त्यांना लय सापडते.

शेवटचे तीन बाक अनेकांना दुय्यम वाटतात, आणि तेथे बसवल्यावर चेहरा पडतो. वस्तुस्थिती उलट आहे. पुढच्या वल्ह्यांनी ढकललेले पाणी मागच्यांपर्यंत येते तेव्हा ते आधीच मागे वाहत असते. अशा पाण्यात पकड मिळवण्यासाठी पाते अधिक चपळाईने घालावे आणि ओढावे लागते, तेही लय न सोडता. नाव वळवताना आणि शर्यतीच्या आरंभरेषेवर मागेपुढे करतानाही सुकाणू धरणारा याच बाकांची मदत घेतो. येथे हलके, चपळ आणि पूर्ण शांत डोक्याचे लोक हवेत.

ड्रमरबद्दल पुणेकरांना एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते, कारण ढोल-ताशा पथकांत वाजवलेले तरुण-तरुणी या जागेसाठी हटकून पुढे येतात. पथकात ताशा चाल देतो आणि ढोल त्याच्यामागे जातो. बहुतेक नावांत ताशाचे काम स्ट्रोक जोडी करते आणि ड्रमर हा ढोल असतो. पाती पाण्यात शिरण्याच्या क्षणी ठोका पडावा, आधी नाही आणि नंतर नाही, म्हणून ड्रमरची नजर पहिल्या बाकावर खिळलेली असते. मागच्या बाकांना पुढचे दिसत नसले तरी ठोका ऐकू येतो, हा त्याचा मोठा उपयोग. पण ड्रमरचे काम तेवढ्यावर संपत नाही. वल्हेकऱ्यांकडे तोंड करून बसलेला तो एकटाच असतो. कोणाचे पाते उशिरा पडते, कोणाचा चेहरा पांढरा पडतो, शेजारची नाव किती पुढे आहे, हे त्याला दिसते, आणि शर्यतीच्या योजनेतील पुढचा टप्पा कधी सुरू करायचा ते तो पुकारतो. त्याने कमी आणि स्पष्ट बोलावे. सतत ओरडणाऱ्या ड्रमरचा महत्त्वाचा शब्दही चमूच्या कानावरून निघून जातो. हलक्या अंगाचा ड्रमर असेल तर पुढच्या टोकावर भार कमी राहतो, हेही पाहिले जाते.

सुकाणू धरणारा मागच्या टोकाला बहुधा उभा असतो आणि वल्ह्याच्या दुपटीहून लांब दांड्याने दिशा सांभाळतो. नाव पुढे जात असताना दांडा ज्या बाजूला ढकलावा त्याच्या उलट बाजूला तिचे पुढचे टोक वळते. प्रत्येक मोठी दुरुस्ती वेग खाते, म्हणून उत्तम सुकाणू धरणारा लहान दुरुस्त्या लवकर करतो. नावेची आणि तिच्यातील सर्वांची सुरक्षितता हे त्याचे पहिले कर्तव्य आहे, त्यामुळे पाण्यावर त्याचा शब्द अंतिम असतो. कर्णधार किंवा प्रशिक्षक बाकावर बसलेला असला तरीही. ही जागा नवख्याला देऊ नये. ज्याला ती शिकायची असेल त्याने आधी वल्हेकरी म्हणून बराच काळ घालवावा.

सहावी पायरी: नाव जुळवणे

बसण्याचा आराखडा कर्णधार किंवा प्रशिक्षक वजने घेऊन तयार करतो. एका बाकावरच्या दोघांचे वजन शक्यतो जवळपास असावे, डाव्या आणि उजव्या बाजूची बेरीज जुळावी आणि पुढचा भाग मागच्यापेक्षा जड होऊ नये. वजन विचारले म्हणजे खरे सांगावे. संकोचाने सांगितलेले पाच-सात किलो कमी वजन एका बाजूला कललेल्या नावेच्या रूपाने सर्वांना सोसावे लागते. मिश्र गटात २० पैकी किमान ८ स्त्रिया आणि किमान ८ पुरुष असावे लागतात, त्यामुळे आराखड्यात तो हिशेबही येतो. सुरुवातीपासून दोन्ही बाजूंनी वल्हवायला शिकलेला माणूस कर्णधाराच्या अनेक अडचणी सोडवतो.

जुळणी वाढवण्यासाठी दोन सराव फार उपयोगी आहेत. पहिल्यात फक्त पुढचे दोन बाक वल्हवू लागतात आणि दर दहा वल्ह्यांनी मागचा एकेक बाक सामील होतो. कोणत्या बाकापाशी लय फुटते ते लगेच कळते. दुसऱ्यात प्रत्येक वल्ह्यानंतर सर्व जण पाते पुढे नेऊन क्षणभर थांबतात आणि मग एकदम पाण्यात घालतात. दुसरा सराव कंटाळवाणा आहे, परंतु मला तो सर्वांत मोलाचा वाटतो.

सातवी पायरी: पहिली शर्यत

माणसे धरून नावेचे वजन दीड टनाच्या पुढे जाते, आणि ते जागेवरून हलवणे हेच शर्यतीतील सर्वांत जड काम. म्हणून इशारा होताच पहिली पाच-सहा वल्ही लांब, खोल आणि सावकाश मारतात. नाव पाण्यातून सुटली की पंधरा-वीस आखूड आणि जलद. त्यानंतर पुन्हा लांबी वाढवून शर्यतीची ठरलेली गती धरतात. नवे चमू या तिसऱ्या टप्प्यावर चुकतात, कारण जलद वल्ह्यांची धुंदी उतरत नाही आणि दोनशे मीटरच्या पुढे दम राहत नाही. ५०० मीटरच्या शर्यतीला चमूच्या तयारीनुसार दोन ते तीन मिनिटे लागतात, म्हणजे प्रत्येकाचे वल्हे दीडशे ते दोनशे वेळा पाण्यात जाते. शेवटच्या शंभर मीटरमध्ये ड्रमर जोर मागेल तेव्हा गती न वाढवता प्रत्येक वल्ह्यातला दाब वाढवावा. गती वाढवायची असेल तर ती स्ट्रोक जोडी वाढवील. शेजारच्या नावेकडे पाहू नये, कारण मान वळली की वल्हे चुकते. रेषा ओलांडल्यावरही आज्ञा येईपर्यंत वल्हवणे थांबवू नये.

आठवी पायरी: काठावर आल्यावर

उतरताना चढण्याच्याच पद्धतीने, एकेक बाक, आणि क्रमांक पुन्हा मोजून. नाव उचलून ठेवणे, वल्ही आणि जाकिटे स्वच्छ पाण्याने धुऊन वाळत घालणे हे सर्वांचे काम आहे. स्ट्रोक जोडीला किंवा ज्येष्ठांना त्यातून सूट नसते. त्यानंतरच्या पाच मिनिटांत प्रशिक्षकाकडून एकच सुधारणा मागून घ्यावी आणि पुढच्या सरावात तेवढ्याच एका गोष्टीवर काम करावे. कोणाची चूक दाखवायची असेल तर ती येथे, नाव न घेता, बाकांच्या भाषेत बोलावी: ‘सहाव्या बाकाचे पाते उशिरा पडते आहे’ एवढे पुरते. पुढच्या सरावाला येता येणार नसेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत कर्णधाराला कळवावे. पहाटे पाच वाजता आलेला नकार कोणाच्याच उपयोगाचा नसतो. तोवर आराखडा ठरलेला असतो आणि एका रिकाम्या जागेसाठी चार जणांना बाजू किंवा बाक बदलावा लागतो.